आवाजाचा लपंडाव

गिटारचा ध्वनिवर्धक मध्येंच मुका होतो आणि थाप मारतांच बोलूं लागतो. अशा वेळीं नवे व्हॉल्व्ह आणण्याची घाई पालकांनीं करूं नये. सातपाटीच्या खाऱ्या वाऱ्यांत दोष बहुधा सांध्यांत वा सॉकेटांत सांपडतो. प्रथम जोडतार बदलून पाहावी. पुष्कळ यंत्रांच्या पाठीस बाहेरील उपकरणासाठीं ‘सेंड’ व ‘रिटर्न’ अशीं दोन सॉकेटें असतात. तीं रिकामीं असतां आवाज रिटर्नमधील एका बारीक पट्टीच्या स्पर्शानेंच पुढें जातो. ती काळवंडली कीं तो तुटतो. दोन्ही सॉकेटें आखूड जोडतारेनें जोडावीं. आवाज स्थिरावला, तर चोर तोच! पेटी मात्र उघडूं नये. वीज तोडल्यावरही व्हॉल्व्हच्या यंत्रांतील कपॅसिटरांत शेंकडों व्होल्ट दबा धरून बसलेले असूं शकतात.