ताईच्या लग्नात काय वाजवशील?

नेरुळ

चि. बाळ,



काल दादाचा फोन आला. ताईच्या लग्नात तू व्हायोलिन वाजवणार आहेस, आणि तेही मारवा, असं तो कौतुकानं सांगत होता. मारव्यावर तुझा हात छान बसलाय. मध्यमेच्या परीक्षेत परीक्षकांनी तो तुला पुन्हा वाजवायला लावला होता, तेही मी विसरलेले नाही. तरीही सांगते, लग्नात मारवा नको.

मुहूर्त भर दुपारचा आहे आणि मारवा दिवस मावळतानाचा, हे एक कारण झालं. खरं कारण रागातच आहे. मारव्यात पंचम नाही, आणि षड्जावरही टेकायचं नाही. कोमल रिषभ नि धैवतावर रेंगाळत राहायचं, घर समोर दिसत असून आत पाऊल टाकायचं नाही. त्यानं ऐकणाऱ्याला हुरहूर लागते, आणि तीच त्या रागाची ताकद. वहिनी गेले दोन महिने ताईच्या कपाटाशी जाऊन नुसत्या उभ्या राहतात. त्यांच्यासमोर त्या दिवशी हा सूर लावू नये.

तू वृंदावनी सारंग घे. दुपारचा राग, गंधार-धैवत वर्ज्य, चढताना शुद्ध निषाद आणि उतरताना कोमल. ‘हा तर पहिल्या वर्षातला राग’ असं तुझ्या मनात येईल, ते मला इथं बसून ऐकू येतंय. पण रिषभावर शांतपणे थांबता आलं, तर उन्हातून आलेल्या माणसाला सावली मिळाल्यासारखं वाटतं. हे तुला जमतं. गेल्या वैशाखात माझ्याकडे तू सारंग वाजवलास, तेव्हा भाजी निवडता निवडता आजीचे हात थांबले होते. मी बघत होते.

एक मिनिटाची आलापी, मग मध्यलय तीनतालात गत, सगळं मिळून सहा मिनिटं. त्याहून जास्त नको. ताना मोजक्या घे, झाला नको.

कधी वाजवायचं, हे काय वाजवायचं याहूनही महत्त्वाचं आहे. सीमांतपूजन उरकलेलं असतं, नवरा मुलगा पाटावर येतो, अंतरपाट धरायची तयारी चालू असते आणि गुरुजी मामाला हाक मारतात, ‘मुलीला घेऊन या.’ तेवढ्यात सभागृह आपोआप गप्प होतं. ती वेळ तुझी. ताई बोहल्याशी पोचली की समेवर येऊन थांब, गत अर्धी राहिली तरी चालेल. मंगलाष्टकांना साथ करू नकोस. शार्दूलविक्रीडिताची चाल सगळ्यांना येते, पण मावशी काळी एकमध्ये म्हणणार, काकू काळी पाचमध्ये, आणि तुझी पट्टी शोधण्यात धांदल उडेल. शेवटच्या ‘सावधान’नंतर ताशे वाजतील. तिथे कुणाचंच व्हायोलिन ऐकू येत नाही.

जेवणाच्या वेळी तर मुळीच वाजवू नकोस. तुझ्याएवढी असताना मी एका नात्यातल्या लग्नात पंगत बसल्यावर भीमपलास घेतला. पंचवीस मिनिटं वाजवला. आग्रह चालले होते, जिलबी फिरत होती, आणि मधेच कुणीतरी येऊन माझ्यासमोरचा माईक मागितला, उखाणा घ्यायचा होता म्हणून. दोष कुणाचाच नव्हता. लोक जेवायला बसले होते. मी मात्र पुढे वर्षभर कुणाच्या घरी वाजवलं नाही, आणि ते वर्ष वाया गेलं याचं वाईट आजही वाटतं.

मुलाकडचे करावे गावचे आगरी आहेत. हळदीला तिथं बेंजो वाजेल, रात्रभर नाच होईल, तू भरपूर नाच. पण त्याआधी घरात धवलारीण धवले गाईल, त्या वेळी तिच्याजवळ जाऊन बस. सिडकोच्या इमारती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधीपासून या गावांतली लग्नं धवल्यांनी लागत आली आहेत. आपल्या आद्य कवयित्री महदंबेनंही तेराव्या शतकात धवळेच रचले, तेही लग्नाच्या निमित्तानं. धवलारणीच्या गाण्याला टाळ्या पडत नाहीत. ती गाण्यातून देवांना लग्नाला बोलावते, विधी पुढे सरकतो आणि गाणंही त्याच्याबरोबर सरकतं. तिच्या तोंडाशी मोबाइल धरू नकोस. नुसतं ऐक. मी तुला सहाच मिनिटं का म्हणते, ते तिथं कळेल.

वहिनींना गाणंही हवंय म्हणे. ते संध्याकाळच्या स्वागत समारंभात वाजव. सगळ्यांना शब्द पाठ असतील असंच गाणं निवड आणि शब्द म्हणत म्हणत गज ओढ. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ नीट ऐक, जिथे शब्द तुटतो तिथेच त्यांचा गज वळतो. सारंगासाठी मात्र व्ही. जी. जोग आणि बिस्मिल्ला खाँ यांची जुगलबंदी लाव. सनईची मींड गजानं कशी काढायची, ते त्यात ऐकायला मिळतं. लग्नघराला हवी असते ती सनईच, आणि आपलं वाद्य तिच्या बरंच जवळ जातं.

आता दोन बारीकसारीक गोष्टी. वाशीच्या त्या सभागृहात एसी जोरात असतो, बाहेरच्या दमट हवेतून आत गेलं की तारांचा सूर हलतो. अर्धा तास आधी व्हायोलिन आत नेऊन उघडून ठेव आणि अगदी बसायच्या आधी पुन्हा मिळव. दुसरं म्हणजे पैठणी. मांडी घालून बसलीस की काठ ताठ उभा राहतो आणि व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकत नाही, घसरतं. हे स्टेजवर पहिल्यांदा कळायला नको.

म्हणून मंगळवारी संध्याकाळी सहाला माझ्याकडे ये, पैठणी घेऊन ये. ती नेसूनच सारंग वाजवायचा. आजीलाही बोलावलंय.

तुझी,
आत्या