ग्राफिक्स कार्डाचा वेग आणि त्याचा ताळेबंद

संगणकाच्या पडद्यावरील चित्र घडविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. त्यातील चिप सेकंदाला किती ठोके देते, यावर तिचा वेग ठरतो. कारखान्याने ठरवून दिलेल्या ठोक्यांहून अधिक ठोके तिच्याकडून घेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

हे शक्य कसे होते? निर्माता एका नमुन्याच्या सर्व चिपांना एकच वेग नेमून देतो व तो दुबळ्या चिपलाही झेपावा लागतो. म्हणून सबळ चिपमध्ये थोडी शिल्लक उरते. ती प्रत्येक कार्डात निराळी असते. मित्राचा आकडा आपल्याला लागू पडत नाही.

आता खर्चाची बाजू पाहू. चिपला लागणारी वीज ठोक्यांच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोके 10 टक्के व त्यासाठी व्होल्टेज 5 टक्के वाढविले, तर 1.10 × 1.05 × 1.05 = 1.21. म्हणजे वेग 10 टक्के वाढला, वीज मात्र 21 टक्के. ही वीज अखेर उष्णताच होते. घटत्या फलाचा नियम आपण वर्गात शिकतो, तो येथेही भेटतो.

प्रत्यक्ष कृती अशी करावी :

1. आधी कार्डावरील धूळ काढावी. मूळ वेग व तापमान वहीत टिपून ठेवावे.
2. आफ्टरबर्नरसारख्या मोफत प्रणालीने ठोके एका वेळी 15 ते 25 मेगाहर्ट्झ वाढवावेत आणि प्रत्येक पायरीवर जड काम देऊन पाहावे.
3. पडद्यावर रंगीत ठिपके दिसले किंवा काम बंद पडले, तर दोन पायऱ्या मागे यावे.
4. त्यानंतरच मेमरीला हात लावावा. काही नव्या मेमरी चूक पकडून माहिती पुन्हा पाठवितात. तेव्हा काम बंद न पडता नुसते मंदावते. म्हणून प्रत्येक वेळी वेग मोजून पाहावा.
5. पूर्ण खात्री होईपर्यंत, संगणक सुरू होताच नवा वेग आपोआप लागू होईल अशी योजना करू नये.

सहावी पायरी मी ठेच लागून शिकलो. माझा थोरला भाऊ घरी लग्नाच्या चित्रफिती जुळवितो. त्याच्यासाठी आम्ही सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून कार्ड आणले. डिसेंबरात मी त्याचा वेग 120 मेगाहर्ट्झने वाढविला. तीन तास चाचणी घेतली, सर्व ठीक होते. पुढे मे महिन्यात एका दुपारी पडदा काळा झाला आणि सहा तासांचे काम गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रफीत द्यायची होती. दादा काही बोलला नाही. रात्रभर पुन्हा बसला.

कारण साधे होते. कार्डाची उष्णता खोलीच्या तापमानावर चढते. आमची खोली डिसेंबरापेक्षा 14 अंशांनी तापली होती, तेवढेच कार्डही तापले. तापलेल्या चिपला तोच वेग टिकवायला अधिक व्होल्टेज लागते. ते मिळाले नाही. म्हणून हैदराबादेत शेवटची चाचणी उन्हाळ्याच्या दुपारी, आपल्या नेहमीच्याच कामावर घ्यावी.

आता मी वाढ निम्मी, म्हणजे 60 मेगाहर्ट्झ ठेवली आहे. सोडून दिलेले 60 म्हणजे 1,800 मध्ये जेमतेम सव्वातीन टक्के. सहा तासांच्या कामात त्याने फार तर बारा मिनिटे वाचली असती. बारा मिनिटांच्या लोभाने मी दादाची एक रात्र खर्ची घातली.

चांगली पेढी सगळा नफा वाटून टाकीत नाही, काही भाग राखीव निधीत ठेवते. कार्डाच्या बाबतीतही तसेच करावे.