गुलाबी बोळा

आबांच्या दावणीला तेव्हा नऊ जनावरं होती. त्यातली कपिली दुसऱ्या वेताची, पाच महिन्यांची गाभण. मी घाईनं दिलेल्या एका उत्तरामुळे ती त्या गोठ्यातून गेली. नव्यानं दवाखाना सांभाळणाऱ्या डॉक्टरांनी आणि अहवाल हाती येताच घाबरणाऱ्या गोठेवाल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

आदल्या साली गावात लाळ्या-खुरकूत येऊन गेला होता. या रोगात मोठी जनावरं बहुधा तगतात, पण वासरांच्या हृदयाच्या स्नायूवरच विषाणूचा घाला पडतो. कधी तोंडात फोड दिसायच्या आत वासरू जातं. आबांची दोन गेली. रोग कुठल्या जनावरात दडून बसलाय, हे शोधायचंच माझ्या डोक्यात बसलं.

तो दडतो हे खरं आहे. बऱ्या झालेल्या, अगदी लस टोचलेल्या गाईच्याही घशात विषाणू 28 दिवसांहून जास्त टिकला तर तिला वाहक म्हणतात. गाईत तो साडेतीन वर्षांपर्यंत सापडलेला आहे. नुसतं रक्त तपासून अशी गाय वेगळी काढणं अवघड. लस मांसात टोचली की प्रतिपिंडं मुख्यतः रक्तात तयार होतात, ती आयजीजी जातीची. विषाणू घशात वाढला, तर मात्र तिथलं अस्तर आयजीए ही प्रतिपिंडं तयार करून लाळेत सोडतं. इंग्लंडमधल्या पर्ब्राइट इथल्या संस्थेत लस दिलेल्या गाईंना मुद्दाम लागण करून हे पाहिलं गेलं. वाहक गाईंच्या लाळेत आयजीए बराच काळ टिकून होती. दर सहा महिन्यांनी लस टोचणाऱ्या आपल्या गावांना अशी तपासणी खरोखर मोलाची आहे. माझी चूक झाली ती नमुना घेताना, आणि त्याहून मोठी चूक अहवाल वाचताना.

लाळेचा नमुना घ्यायला मी आबांच्या गोठ्यात पोचलो तेव्हा जनावरं मुरघास खात होती. कपिलीनं मान झटकली आणि कापसाचा बोळा धरलेला चिमटा हिरडीला लागला. बोळा फिकट गुलाबी निघाला. अजून तीन गोठे बाकी होते. बोळा तसाच नळीत घातला, नळी बर्फात ठेवली. कागदावर काही नोंद केली नाही.

लाळेतल्या आयजीएच्या अहवालात एकटी कपिली पॉझिटिव्ह आली.

"म्हंजी रोग अजून हाय व्हय तिच्या अंगात?" आबांनी विचारलं.

"हाय, आबा."

पुढच्याच बाजाराला त्यांनी ती पडेल भावात विकली. त्यांच्या घरच्या वहिनी दोन दिवस गोठ्यात गेल्या नाहीत.

महिन्याभरानं एका ज्येष्ठ डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "लाळेत रक्त होतं का?" रक्त मिसळलं की रक्तातली प्रतिपिंडंही नमुन्यात उतरतात, आणि कपिलीला तर लसी नियमित टोचलेल्या. समजा नमुना स्वच्छ असता, तरी प्रतिपिंड म्हणजे विषाणू नव्हे. विषाणू येऊन गेला एवढंच ते सांगतं. आज तो आहे की नाही, हे सांगत नाही. साथ सोसलेल्या गोठ्यातल्या गाईत ही खूण मिळाली यात नवल काय? शिवाय वाहक गाईपासून शेजारी बांधलेल्या गाईला रोग लागल्याचं प्रयोगांत सहसा दिसलेलं नाही. तिला विकायचं कारणच नव्हतं.

तेव्हापासून वैरण-पाणी द्यायच्या आधीच लाळ घेतो. बोळा गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून चांगला भिजू देतो. किंचित जरी गुलाबी दिसला तरी फेकतो आणि नमुना दुसऱ्या दिवशी घेतो. नळी लगेच बर्फात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचणार नसेल तर गोठवून. तोंडात फोड असलेल्या जनावराच्या लाळेत जिवंत विषाणू खच्चून भरलेला असतो, तेव्हा दर जनावराला हातमोजे बदला. गमबूट आणि बादल्या धुण्याच्या सोड्यानं धुवा, दहा लिटर पाण्याला 400 ग्रॅम.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर गाय विकू नका. काही आठवड्यांनी पुन्हा लाळ घ्या, सोबत रक्तही द्या. विषाणू खरोखर आहे का ते पाहायला लांब दांडीच्या छोट्या वाटीनं घशातला द्रव खरवडून काढतात आणि त्याची पीसीआर तपासणी करतात. ते काम सरावलेल्या हाताचं, घरी करायचं नाही. आणि निगेटिव्ह अहवालावरही विसंबू नका. ताज्या लागणीत प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस जातात, तेवढ्यात बाजारातली गाय तुमच्या दावणीला आलेली असते. म्हणून नवं जनावर तीन-चार आठवडे वेगळं बांधाच, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

परवा आबांनी गाय आणली. आवाराच्या टोकाला लिंबाखाली बांधलीय, बादली वेगळी, धार सगळ्यात शेवटी. पहाटे मी लाळ घ्यायला गेलो, तर तिच्यापुढची वैरण त्यांनी आधीच काढून ठेवली होती. मी बोळा बाहेर काढला तसा त्यांनी हातातल्या बॅटरीचा उजेड त्यावर धरला.