जुनी जीप, गिअर आणि गणित : जपायची की बदलायची?



आज एका जुन्या गाडीच्या निमित्ताने विज्ञान, गणित आणि थोडं नागरिकशास्त्र असे तीन विषय एकत्र शिकूया. उच्च प्राथमिक वर्गात आपण 'साधी यंत्रे' हा घटक शिकवतो. तरफ, कप्पी, चाक आणि आस यांची चित्रं फळ्यावर काढतो. मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. पण आपल्या गोंदिया जिल्ह्यात एखाद्या गॅरेजमागे, धान गिरणीच्या आवारात किंवा कुणाच्या वाड्यात एखादी जुनी जीप उभी दिसते. मागची आसनं काढून हौदा केलेला, म्हणजे आपली देशी पिकअपच. ही गाडी म्हणजे उघडून वाचता येणारं पुस्तक आहे.

अशी गाडी घेऊन चालू करावी असं अनेक तरुणांना वाटतं. त्यासाठी पैसे जमवणारेही आहेत. म्हणून हा पाठ फक्त परीक्षेसाठी नाही. इथे चूक झाली तर पैसा जातो आणि कधी जीवही जातो.

१. ही गाडी आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीची जीप जगभर पोहोचली. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या भावांनी गुलाम मोहम्मद यांच्यासोबत 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू झाली. पुढे भागही इथेच बनू लागले.

यातलं सीजे-३बी हे मॉडेल आपल्याकडे खूप चाललं. तिचं बोनेट उंच असतं, कारण आतलं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच आहे. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे मात्र त्याच घराण्यातल्या गाड्या पुढे अनेक वर्षं बनत राहिल्या. मुद्दाम पिकअप म्हणून बनवलेली गाडी म्हणाल तर १९८८ ची टाटामोबाइल. तिच्याच पायावर पुढे सिएरा आणि इस्टेट या गाड्या उभ्या राहिल्या. पण शिकायला जीप सोपी. तिच्यात लपवलेलं काही नाही.

२. गिअर म्हणजे काय? आधी सायकल बघा

वर्गातली एक सायकल उलटी करा. पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे दात मोजा, मग मागच्या छोट्या चक्राचे मोजा. समजा पुढे ४४ आणि मागे १८ दात आले. ४४ ÷ १८ = २.४४. म्हणजे पायडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं.

आता जीपमध्ये बघा. तिथे बरोबर उलटं आहे! इंजिन पाच-सहा वेळा फिरतं, तेव्हा कुठे चाक एकदा फिरतं. असं का?

कारण आपल्या पायात जोर भरपूर, पण वेग कमी. आपण मिनिटाला साधारण साठ-सत्तर वेळाच पायडल मारतो. म्हणून सायकल आपला जोर घेते आणि वेग देते. इंजिन मिनिटाला दोन हजार वेळा सहज फिरतं, पण प्रत्येक फेरीतला जोर जड गाडी ओढायला पुरत नाही. म्हणून जीपचे गिअर इंजिनाचा वेग घेतात आणि जोर देतात.

हेच या पाठाचं सूत्र : गिअर फुकट काही देत नाही. वेग दिला तर जोर मिळतो, जोर दिला तर वेग मिळतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. तरफेचा नियमही हाच आहे. गिअरचा प्रत्येक दात म्हणजे गोल फिरणारी छोटी तरफच.

३. आता गणित करूया

सीजे-३बी मध्ये तीन गिअरचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स असतो. त्याची प्रमाणं अशी :

पहिला गिअर : २.८०
दुसरा गिअर : १.५५
तिसरा गिअर : १.००
रिव्हर्स : ३.८०

गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिचा 'लो' दांडा टाकला की आणखी २.४६ पट फरक पडतो. शेवटी चाकांच्या मधल्या डिफरन्शियलमध्ये ५.३८ पट. हे सगळे आकडे एकमेकांनी गुणायचे.

तिसऱ्या गिअरमध्ये : १.०० × ५.३८ = ५.३८
पहिल्या गिअरमध्ये : २.८० × ५.३८ = १५.०६
पहिला गिअर आणि लो : २.८० × २.४६ × ५.३८ = सुमारे ३७

म्हणजे लो-पहिल्यात इंजिनाच्या ३७ फेऱ्या होतात, तेव्हा चाक एकदा फिरतं. आता वेग काढा. टायरचा व्यास ७१ सेंमी धरला तर परीघ ३.१४ × ७१ = सुमारे २२३ सेंमी, म्हणजे २.२३ मीटर. इंजिन मिनिटाला २००० वेळा फिरत असेल तर :

तिसऱ्या गिअरमध्ये ताशी सुमारे ५० किमी
पहिल्या गिअरमध्ये ताशी सुमारे १८ किमी
लो-पहिल्यात ताशी सुमारे ७ किमी

इंजिन तेच, फेऱ्या त्याच. पण ५० किमीचा वेग सोडून दिल्यावर चाकावरचा जोर जवळजवळ सातपट होतो (३७ ÷ ५.३८). पावसाळ्यात चिखलाच्या पांदणीतून धानाची पोती घेऊन जीप हळूहळू का होईना बाहेर येते, त्याचं कारण हा भागाकार आहे. अर्थात चाकाला जमिनीची पकड हवी. पकडच नसेल तर सातपट जोर चाक फक्त जागेवर फिरवतो. घर्षणाचा धडा इथेच जोडून घ्या.

४. पहिला गिअर 'कर्र' का करतो?

गिअर बदलताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवायचे असतात. धावत्या बसमध्ये चढायचं तर आपणही आधी बसच्या बरोबरीने धावतो, तसंच हे. वेग जुळवून देणारी पितळी कडी गिअरबॉक्समध्ये असते, तिला सिंक्रोमेश म्हणतात. ही कडी घासून दोन्ही भागांचा वेग सारखा करते.

या जीपमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश आहे, पहिल्याला नाही. म्हणून चालत्या गाडीत थेट पहिला टाकला की दात घासतात. जुने ड्रायव्हर मग काय करतात? क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून पहिला. याला डबल क्लच म्हणतात. सिंक्रोमेशचं काम इथे माणसाचा कान आणि पाय करतात. नवशिक्याने मात्र गाडी पूर्ण थांबवूनच पहिला टाकावा.

५. दुरुस्तीचा क्रम : आधी थांबणं, मग चालणं, मग दिसणं

अनेकजण उलटं करतात. आधी रंग, मोठे टायर, लाइटची पट्टी. ब्रेक राहतात शेवटी. तोवर पैसे संपलेले असतात. योग्य क्रम असा :

*चेसिस :* सगळी गाडी याच सांगाड्यावर उभी असते. हातोडीने हलकं ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर लोखंड बरं आहे. बद्द आवाज आला, पापुद्रे निघाले तर आत गंज आहे. गंजावर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे दुखणं झाकणं.

*ब्रेक :* जुन्या जीपमध्ये चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलाच्या नळीव्यवस्थेवर चालतात. एका ठिकाणी गळती झाली तर चारही जातात. म्हणून मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि नळ्या आधी बघा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते जुनं ठेवू नका. आणखी एक : जुन्या ब्रेक शूमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसांना घातक. हवेचा पाइप मारून ती उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

*गिअरबॉक्स :* जुनं तेल एका पसरट भांड्यात काढा आणि त्यात लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटला तो लोखंडाचा चुरा, म्हणजे दात किंवा बेअरिंग झिजलं. चिकटत नाही पण सोन्यासारखं चमकतं ते पितळ, म्हणजे सिंक्रोमेशची कडी झिजली. गिअरबॉक्स न उघडता मिस्त्रीला निम्मं निदान कळतं. आपला 'चुंबकीय व अचुंबकीय पदार्थ' हा पाठ इथे कामाला येतो.

*इंधन :* आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवा.

*नेहमीची काळजी :* फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. पक्की घोडी लावा, चाकांना ठोकळे लावा. बंद खोलीत इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

६. एक आकडा बदलला की सगळे बदलतात

समजा कुणी २८ इंची टायर काढून ३१ इंची बसवले. दिसायला रुबाबदार! पण ३१ ÷ २८ = १.१०७. म्हणजे चाक एका फेरीत सुमारे ११ टक्के जास्त अंतर कापतं. स्पीडोमीटरला हे माहीत नाही. तो ५० दाखवतो, तेव्हा गाडी ५५ ने पळत असते. तिकडे जमिनीवरची ओढ सुमारे १० टक्क्यांनी कमी होते. ब्रेकची पकडही तेवढीच कमी होते, कारण ड्रम तोच आणि चाक मोठं. एकीकडे वेग वाढला, दुसरीकडे थांबायची ताकद घटली. देवरीजवळच्या महामार्गावर मालवाहू ट्रकच्या मागे धावताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

इंजिनाचंही तसंच. जास्त जोराचं डिझेल इंजिन बसवलं तर तो जोर क्लच, गिअरबॉक्स आणि आस यांना पेलावा लागतो. साखळीत सर्वात कच्ची कडी आधी तुटते.

७. कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातली माहिती विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. म्हणून मिस्त्रीकडे जाण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारा. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

गाडी घेताना चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्याआधीच्या गाडीचे कागद भंडाऱ्याचे असू शकतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीची सोय आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. शिवाय ती प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. धंद्यासाठी नाही. म्हणजे या नोंदणीवर धानाची पोती वाहता येणार नाहीत!

८. मग जपायची की बदलायची?

इथे पुन्हा आपलं सूत्र लागू होतं. दोन्ही एकदम मिळत नाहीत. मूळ रूप जपलं तर रोजचं काम सोडावं लागतं. रोजच्या कामाला लावायची तर ब्रेक, कागद आणि विमा यांवर रंगापेक्षा जास्त खर्च करावा लागतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी वहीत एक ओळ लिहा : "ही गाडी मला कशासाठी हवी?" उत्तर ठरलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

विद्यार्थी मित्रांनो, दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. विजेच्या गाड्या वाढतील, गिअरचा दांडा कदाचित दिसेनासा होईल. पण जोर आणि वेगाची देवाणघेवाण विजेच्या मोटारीलाही चुकत नाही. जुन्या गाडीवर ती डोळ्यांनी दिसते, एवढंच.

स्वाध्याय

१. दुसऱ्या गिअरमध्ये (लो न टाकता) इंजिनाच्या किती फेऱ्यांनंतर चाक एकदा फिरेल? २००० फेऱ्यांना वेग किती? (पडताळा : सुमारे ८.३४ फेऱ्या, ताशी सुमारे ३२ किमी.)
२. रिव्हर्सचं प्रमाण पहिल्या गिअरपेक्षाही जास्त आहे. त्यामुळे जोर आणि वेग यांवर काय परिणाम होईल?
३. पन्हाळी पुठ्ठ्याच्या पट्ट्या दोन वेगवेगळ्या मापांच्या झाकणांभोवती चिकटवा. दातांमध्ये दात अडकवून फिरवा. लहान झाकण किती वेळा फिरलं की मोठं एकदा फिरतं, ते मोजून लिहा.
४. मोठ्या माणसांसोबत गावातल्या गॅरेजला भेट द्या. मिस्त्रीकाकांना पाच प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा.

शिक्षक मित्रांनो, चौथा प्रश्न नक्की द्या. वर्गात मागे बसणाऱ्या एखाद्या मुलाचे बाबा किंवा मामाच मिस्त्री असतील, तर त्या दिवशी सगळा वर्ग त्याच्याकडून शिकेल.