अर्ज अडतो कोठे?

डिसेंबर 2020 मध्ये राज्यातील 14,234 ग्रामपंचायतींसाठी नामनिर्देशनपत्रे संगणकप्रणालीद्वारे दाखल होत असताना तांत्रिक अडचणी उद्भवल्या व संकेतस्थळ संथ चालत असल्याच्या तक्रारी आल्या. अखेर 30 डिसेंबर रोजी ती पारंपरिक पद्धतीने, कागदावर स्वीकारण्यास राज्य निवडणूक आयोगाने मुभा दिली. वेळही सायंकाळी साडेपाचपर्यंत वाढविली. डिसेंबर 2022 मध्ये 7,751 ग्रामपंचायतींच्या वेळी हाच मार्ग पुन्हा अनुसरावा लागला. मुदत हुकली की उमेदवारी गेली, म्हणून हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा राहत नाही.

'सर्व्हर डाऊन' या दोन शब्दांत सर्व अडचणी गुंडाळण्याची सवय सर्वत्र दिसते. वस्तुतः सर्व्हर पुष्कळदा बंद नसतो. त्याच्यापुढे रांग लागलेली असते. समजा, तो सेकंदाला 10 अर्ज हातावेगळे करतो आणि 12 येऊ लागले. दर सेकंदास 2 अर्ज साचतात. पाच मिनिटांत 600 होतात आणि शेवटच्या अर्जदारास पूर्ण एक मिनिट तिष्ठावे लागते. तो अधीर होऊन कळ पुन्हा दाबतो. रांगेत त्याचाच दुसरा अर्ज येऊन उभा राहतो! पहिला अर्ज कदाचित नोंदलाही गेलेला असतो, फक्त पोच आलेली नसते. म्हणून पुन्हा कळ दाबण्यापूर्वी 'माझे अर्ज' किंवा तत्सम पानावर नोंद झाली आहे काय, हे पाहणे श्रेयस्कर.

प्रणाली तयार करवून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी एक गोष्ट आग्रहाने मागावी. अर्ज आला की प्रथम तो नोंदवून पोच क्रमांक द्यावा. मोबाईलवर संदेश पाठविणे, पावतीची छापील प्रत तयार करणे ही कामे मागाहून व्हावीत. आवक लिपिक टपालावर शिक्का मारून पोच देतो, छाननी नंतर होते, तसेच हे आहे. एकाच अर्जाला एकच क्रमांक ठेवल्यास दुबार नोंदीही टळतात.

विलंबाचे दुसरे ठिकाण गावातच असते. मोबाईलने काढलेले कागदपत्राचे छायाचित्र सहज 4 मेगाबाईटचे भरते. सेकंदाला 1 मेगाबिट वेगाच्या जोडणीवर ते चढण्यास सुमारे 32 सेकंद लागतात. तेच 200 किलोबाईटचे केल्यास दोन सेकंदही लागत नाहीत. जोडपत्रे आदल्या दिवशीच लहान करून ठेवणे ग्रामपंचायतीतील संगणकचालकास अवघड नाही.

मतदानाची वेळ संपताना केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन त्यांचे मतदान पुरे करून घेतले जाते. संकेतस्थळावरील रांग मात्र कोणास दिसत नाही. अर्जदाराने कळ प्रथम केव्हा दाबली, ती वेळ प्रणालीत नोंदविली गेल्यास तीच त्याची चिठ्ठी ठरू शकेल. तशी तरतूद नियमांत व प्रणालीत आधीच करावी लागेल. अखेरच्या दिवशी दुपारी ती करता येत नाही.