खेळाची जागा आणि खेळातील वस्तू : साधने निवडताना

संगणकावरील खेळ तयार करण्याचे शिक्षण घेऊ पाहणारे होतकरू तरुण बहुधा एकच प्रश्न विचारतात : कोणते सॉफ्टवेअर शिकावे? या प्रश्नामागे पालकांचा पैसा आणि मुलाची दोन-तीन वर्षे असतात. म्हणून उत्तर घाईने देऊ नये.

प्रथम दोन कामांतील फरक ध्यानात घेऊ. खेळाडू ज्या जागेत वावरतो ती जागा लेव्हल एडिटरमध्ये उभारली जाते. खोल्या, जिने, दिवे, शत्रू कोठे दबा धरून बसेल, हे सारे तेथे ठरते. त्या खोलीतील खुर्ची, झाड वा माणूस मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घडतो. एक गवंड्याचे काम, तर दुसरे सुताराचे.

१९९३ साली आलेल्या 'डूम' या खेळाचे नकाशे मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलीत ठेवलेले होते. त्यामुळे १९९४ मध्ये चाहत्यांनीच एडिटर लिहिला व घरोघरी नवे नकाशे होऊ लागले. १९९६ च्या 'क्वेक'साठी बेन मॉरिस यांनी 'वर्ल्डक्राफ्ट' केले. व्हॉल्व्ह कंपनीने ते घेतल्यावर पुढे त्याचे नाव 'हॅमर' झाले. अशा एडिटरमध्ये भिंती भरीव ठोकळ्यांच्या असतात. बाहेरच्या भिंतीत बारीकशी फट राहिली, तरी कोठून काय दिसेल हे संगणकाचे गणित अडते. नवशिक्याच्या कित्येक रात्री त्या फटीच्या शोधात जातात! आता युनिटी, अनरियल, गोदो यांत एडिटर इंजिनातच असतो. म्हणजे एडिटरची निवड ही बहुधा इंजिनाचीच निवड ठरते.

येथे अटी वाचाव्यात. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये खेळ जितक्या वेळा बसवला जाईल त्यानुसार शुल्क जाहीर केले. निर्मात्यांचा रोष झाल्यावर २०२४ मध्ये ते रद्द केले. गोदो २०१४ पासून मुक्त परवान्याखाली आहे.

मॉडेलिंगमध्ये माया व थ्रीडीएस मॅक्स यांचे नाव मोठे, पण शुल्कही मोठे. विद्यार्थ्यांना ती विनामूल्य मिळतात, मात्र केवळ शिक्षणासाठी. त्यावर घडवलेली वस्तू विकता येत नाही. चोरीची प्रत वापरून शिकणे तर मला मुळीच मान्य नाही. शिवाय मालकाने साधनच बंद केले तर? सॉफ्टइमेज बंद करण्याचे ऑटोडेस्कने २०१४ साली जाहीर केले आणि त्यात हात बसलेल्या कलावंतांना नव्याने शिकावे लागले.

ब्लेंडरवरही अशीच वेळ आली होती. २००२ साली त्याची कंपनी बंद पडली. तेव्हा टॉन रूझेंडाल यांनी लोकांकडे हात पसरले. सुमारे सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ब्लेंडर सर्वांसाठी खुले झाले. त्यात घडवलेले काम घडवणाऱ्याचेच राहते. ते विकायलाही आडकाठी नाही. संगणक जुना असेल तर ब्लेंडरची जुनी आवृत्तीही विनामूल्य उतरवता येते. साधारण घरातील विद्यार्थ्याने येथूनच आरंभ करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र निर्णयापूर्वी एक दिवस प्रयोगाला द्यावा. ब्लेंडरमध्ये साधी खुर्ची करून जीएलटीएफ स्वरूपात काढावी आणि निवडलेल्या इंजिनातील एका खोलीत ठेवून पाहावी. ब्लेंडर मीटरमध्ये मोजते, अनरियल सेंटिमीटरमध्ये. ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड, गोदोत वाय. ही सांगड नीट बसली नाही, तर खुर्ची आडवी पडलेली दिसते किंवा मुंगीएवढी होऊन जमिनीवर सापडतच नाही.