गाल सुजले, पण गालगुंड नव्हे

कानाखाली गाल सुजला की आपल्याकडे घरातच निदान होते : गालगुंड. कोणी लेप लावते, कोणी शेकते, आठ-दहा दिवसांत सूज उतरते आणि विषय संपतो. लहान मुलांच्या बाबतीत हे निदान पुष्कळदा बरोबरही असते. सरकारी लसीकरणात गोवर व रुबेला यांची लस मिळते. गालगुंडाची लस त्यात नाही. त्यामुळे गालगुंडाच्या साथी अजूनही येतात.

परंतु पंधरा ते पंचवीस वर्षांच्या मुलीचे, क्वचित मुलाचेही, दोन्ही गाल सारखेच सुजले आहेत, ताप नाही, दुखणे नाही, आणि महिना उलटला तरी सूज हटत नाही, असे असेल तर वेगळा विचार केला पाहिजे. अशा सुजेची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक कारण रुग्ण सहसा आपणहून सांगत नाही. ते म्हणजे खाल्लेले अन्न चोरून ओकून टाकणे.

हा आजार कोणता?

वजन वाढेल या भीतीने दिवसभर उपाशी राहायचे, मग भूक अनावर झाली की थोड्या वेळात भराभर खूप खायचे, आणि लगेच मन खाऊ लागले की घशात बोट घालून उलटी काढायची किंवा जुलाबाच्या गोळ्या घ्यायच्या, असे हे चक्र असते. जेराल्ड रसेल या लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन करून त्याला बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिले. इंग्लंडच्या राजकन्या डायना यांनी १९९५ मध्ये दूरदर्शनवरील मुलाखतीत आपल्याला हा आजार असल्याचे उघडपणे सांगितले, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली.

त्यामुळे हा राजवाड्यातला, परदेशातला आजार असा समज झाला असेल तर तो चुकीचा आहे. इस्लामपूर-आष्ट्याकडेही वसतिगृहात राहणाऱ्या मुली आहेत, 'जरा बारीक हो, मग स्थळ येईल' हे ऐकणाऱ्या मुली आहेत, आणि वजनी गटात बसण्यासाठी कुस्तीआधी वजन उतरवणारे पैलवानही आहेत. या रुग्णांचे वजन बहुधा नेहमीसारखेच असते. म्हणून घरच्यांना वर्षानुवर्षे शंकाही येत नाही.

लाळग्रंथी का सुजतात?

आपल्याला मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. त्यांतली सर्वांत मोठी जोडी कानाच्या पुढे व खाली असते. डॉक्टर तिला पॅरोटिड म्हणतात. उलटी होण्यापूर्वी तोंडाला पाणी सुटते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. रोज, कधी दिवसातून अनेकदा, उलट्या होऊ लागल्या की या ग्रंथींना सतत जादा काम पडते. त्यांच्या पेशी आकाराने मोठ्या होतात व त्यांत लाळेतील पाचकद्रव्याचे कण साठतात. व्यायामाने दंड फुगावा तशी ग्रंथी फुगते. चेहरा खालच्या बाजूला रुंद, चौकोनी दिसू लागतो.

यात जंतूंचा संबंध नसतो. म्हणून प्रतिजैविकांच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. दुकानातून एक कोर्स झाला, दुसरा झाला, तरी गाल तसेच, असे झाले की गोळ्या बदलत बसू नये.

ओळखावे कसे?

सूज दोन्ही बाजूंना, मऊसर व न दुखणारी असते. त्यासोबत पुढील खुणा पाहाव्यात. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली असते, कारण पोटातले आम्ल वारंवार तिथे लागते. दंतवैद्याच्या लक्षात हे पुष्कळदा आधी येते. बोटांच्या पेरांच्या सांध्यांवर दात लागून घट्टे पडतात. जेवण झाले की रुग्ण लगेच मोरीत किंवा संडासात जातो व नळ सोडून ठेवतो. घसा धरतो, छातीत जळजळते, पाळी अनियमित होते.

मात्र प्रत्येक सुजलेल्या गालामागे उलटीच असते असे नाही. मधुमेह, दारूचे व्यसन, कुपोषण, एचआयव्ही व काही संधिवातासारखे आजार यांतही दोन्ही ग्रंथी वाढतात. जेवताना सूज वाढून दुखत असेल तर नळीत खडा असू शकतो. ताप, लाली व ठणका असेल तर पू झालेला असू शकतो. एकाच बाजूची टणक, वाढत जाणारी गाठ किंवा तोंड वाकडे होणे ही गाठीच्या रोगाची खूण असू शकते. तिथे वेळ घालवू नये. म्हणून तपासणी, रक्तातील साखर व गरज पडल्यास सोनोग्राफी करून घ्यावी. उलट्या होत असतील तर रक्तातील पोटॅशियम तपासणे फार महत्त्वाचे आहे.

उपचार

खरा उपचार गालावर नाही; तो उलट्या थांबवण्याचा आहे. उलट्या थांबल्या की बहुतेकांची सूज काही आठवड्यांत ते काही महिन्यांत उतरते. तोपर्यंत पुढील उपायांनी आराम पडतो.

कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे शेकावे. पाणी भरपूर प्यावे. लाळ वाहती राहावी म्हणून साखर नसलेली आंबट गोळी चघळावी. मात्र आंबटाने झिजलेले दात आणखी झिजतात. म्हणून दिवसभर गोळी तोंडात ठेवू नये व नंतर चूळ भरावी. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. उलट्यांनी अंगातले पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. फारच चिवट सुजेत तज्ज्ञ लाळ वाढवणारे पिलोकार्पिन हे औषध देतात. शस्त्रक्रिया जवळजवळ कधीच करावी लागत नाही. चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते.

उलटी झालीच तर लगेच दात घासू नयेत. आम्लाने मऊ झालेला थर ब्रशने निघतो. पेलाभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून चूळ भरावी व तासाभराने दात घासावेत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काय होते?

ही गोष्ट रुग्णाने व घरच्यांनी नीट समजून घ्यावी. उलट्या बंद केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गालाची सूज पुष्कळदा कमी होण्याऐवजी वाढते. ग्रंथी लाळ तयार करीतच असतात, पण ती पूर्वीसारखी एकदम बाहेर टाकली जात नाही. मुलगी आरशात पाहते आणि तिला वाटते, 'दोन दिवस जेवले आणि तोंड सुजले. मी जाड झाले.' याच दिवशी अनेक जण पुन्हा उलटीकडे वळतात.

ही चरबी नव्हे, ही लाळग्रंथीची तात्पुरती सूज आहे, आणि ती आजार मागे हटत असताना येते. हे आधीच सांगून ठेवले तर तो दिवस निभावून जातो. शेकणे व आंबट गोळी उलट्या थांबवल्याच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू करावी.

मनाचा उपचार

उलटी हट्टाने केली जात नाही. ती आजाराचा भाग आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे ठरावीक बैठकांतून विचार व खाण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार होतो व त्याचा चांगला गुण येतो. काहींना गोळ्याही द्याव्या लागतात. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व कराडच्या कृष्णा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

घरच्यांनी काय करावे?

मोरीच्या दाराशी पाळत ठेवू नये, नातेवाइकांसमोर विषय काढू नये. गाल, वजन, रूप यांवर चेष्टेनेही बोलू नये. एकटे गाठून शांतपणे विचारावे, 'जेवल्यावर त्रास होतो का? आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ.' तीन वेळचे जेवण व मध्ये दोन वेळा थोडे खाणे वेळच्या वेळी द्यावे. उपाशी राहिले की पुढची खा-खा ठरलेली. म्हणून पूर्ण बरे होईपर्यंत उपवास नकोत. एकादशी असो वा नवरात्र, आजाऱ्याने उपवास केलाच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. जेवणानंतर तासभर सर्वांनी एकत्र बसावे, गप्पा माराव्यात, म्हणजे उलटीची ऊर्मी ओसरते.

छातीत धडधड, चक्कर येऊन पडणे, हातापायांना वांब येणे, फार अशक्तपणा किंवा उलटीतून रक्त, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. पोटॅशियम फार घटले तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतते. गालाची सूज महिनाभर थांबू शकते. हे मात्र एक रात्रही थांबत नाही.